सोयाबीनचा तांबेरा आणि जनुकीय चिन्हके : सीमाभागातील शेतातून एक ओळख

जूनच्या पहिल्या आठवड्यात निपाणीच्या बाजारात बियाण्यांच्या दुकानांपुढे गर्दी होते. आसपासच्या गावांतून आलेला शेतकरी सोयाबीनची पिशवी उलटसुलट करून पाहतो आणि दुकानदाराला विचारतो, "तांबेऱ्याला टिकतंय काय हे?" प्रश्न मराठीत असतो. पिशवीवरचा मजकूर बहुधा इंग्रजीत असतो, आणि कृषी खात्याचे माहितीपत्रक कन्नडमध्ये असते. त्या पत्रकात तांबेऱ्याला 'तुक्कु रोग' म्हटलेले असते. इथल्या शेतकऱ्याला दोन्ही नावे ठाऊक असतात, त्यामुळे तिथे तो अडत नाही. तो अडतो तो पुढच्या शब्दांशी. 'मार्कर', 'डीएनए चाचणी', 'जिनोमिक निवड' असे शब्द आता बियाणे कंपन्यांच्या पत्रकांत येऊ लागले आहेत. त्यांचा अर्थ कळला नाही तर दोन गोष्टी होऊ शकतात. एक तर शेतकरी त्या शब्दांवर डोळे झाकून विश्वास ठेवतो, नाहीतर 'हे काहीतरी जनुक घालून केलेले बियाणे' म्हणून ते बाजूला सारतो. दोन्ही वेळा नुकसान त्याचेच.

या लेखात जनुकीय चिन्हक म्हणजे काय, पिकांचे नवे वाण तयार करताना त्याच्या नोंदींचा उपयोग कसा होतो, आणि त्या उपयोगाच्या मर्यादा कोणत्या, हे सोयाबीनच्या तांबेऱ्याचे उदाहरण घेऊन पाहू. हे उदाहरण घेण्याचे कारण उघड आहे. बेळगाव, निपाणी, कोल्हापूर, सांगली हा कृष्णा-वेदगंगा-दूधगंगेचा पट्टा म्हणजे देशातील तांबेऱ्याच्या प्रमुख ठिकाणांपैकी एक आहे.

तांबेऱ्याचे घर

निपाणी म्हटले की तंबाखू आठवतो. विडीच्या तंबाखूचे हे जुने केंद्र, धारवाडच्या कृषी विज्ञान विद्यापीठाचे तंबाखू संशोधनाचे केंद्रही इथेच, आणि १९८१ साली तंबाखू उत्पादकांचे मोठे आंदोलन झाले तेही इथेच. पण खरिपात या भागातील काळ्या जमिनीवर आता सोयाबीनचे पीक मोठ्या प्रमाणावर दिसते. जवळजवळ शंभर दिवसांत हाती येणारे, पाठोपाठ शाळू किंवा हरभरा घेऊ देणारे आणि रोख पैसे देणारे हे पीक आहे.

तांबेरा हा बुरशीचा रोग. फॅकोप्सोरा पॅकिरायझी या नावाची ही बुरशी फक्त जिवंत पानावरच वाढते. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये रिमझिम पाऊस, ढगाळ हवा आणि तासन्‌तास ओली राहणारी पाने असली की रोग बळावतो. सुरुवात खालच्या पानांपासून होते. पानाच्या मागच्या बाजूला बारीक तांबूस फोड येतात, ते फुटून विटकरी रंगाची भुकटी बाहेर पडते. बोट फिरवले तर बोटाला लागते. पाने पिवळी पडून गळतात आणि शेंगेतला दाणा भरायच्या आतच झाड उघडे पडते. वेळेत आवर घातला नाही तर निम्म्याहून अधिक पीक जाऊ शकते. ही भुकटी म्हणजे बुरशीचे बीजाणू. ते वाऱ्यावर शेकडो किलोमीटर जातात. ब्राझील आणि पॅराग्वेत हा रोग २००१ साली आढळला आणि २००४ च्या नोव्हेंबरात तो अमेरिकेच्या लुइझियाना राज्यात पोचला होता. आपल्याकडे १९९० च्या दशकाच्या मध्यापासून त्याच्या साथी येऊ लागल्या.

बेळगाव जिल्ह्यात कृष्णाकाठी उगार खुर्द नावाचे गाव आहे. साखर कारखान्यामुळे ते सर्वांना माहीत आहे, पण सोयाबीनच्या संशोधकांना ते तांबेऱ्यामुळे माहीत आहे. नदीकाठच्या बागायतीत हंगामाबाहेरही सोयाबीन असले की बुरशीला वर्षभर घर मिळते, आणि पावसाळ्यात इथे रोग हमखास येतो. म्हणून देशभरातले नवे वाण तांबेऱ्याच्या कसोटीला लावण्यासाठी उगार खुर्दच्या शेतात आणले जातात. सांगली जिल्ह्यातील कसबे डिग्रजच्या संशोधन केंद्राची गोष्टही अशीच. शेतकऱ्याच्या दृष्टीने जी आपत्ती, ती पैदासकाराच्या दृष्टीने परीक्षेची जागा. हा मुद्दा लक्षात ठेवावा. पुढे त्याचे महत्त्व कळेल.

पैदासकाराची अडचण

नवे वाण काढणाऱ्याला आपण पैदासकार म्हणतो. त्याची पद्धत तत्त्वतः सोपी आहे. भरघोस पिकणारा पण रोगाला बळी पडणारा एक वाण घ्यायचा, रोगाला न जुमानणारा दुसरा घ्यायचा, दोघांचा संकर करायचा आणि पुढच्या पिढ्यांतून दोघांचे चांगले गुण असलेली झाडे निवडत जायचे.

जबलपूरहून १९९४ साली आलेल्या जेएस ३३५ या वाणाने आपल्याकडे सोयाबीन घरोघरी पोचवले. तो लवकर येतो, उत्पन्न चांगले देतो, पण तांबेऱ्यापुढे टिकत नाही. दुसरीकडे परदेशांतून आणून जतन केलेल्या वाणांत ईसी २४१७७८ आणि ईसी २४१७८० असे काही वाण तांबेऱ्याला दाद न देणारे निघाले. धारवाडच्या पैदासकारांनी जेएस ३३५ आणि ईसी २४१७७८ यांच्या संकरातून डीएसबी २१ हा तांबेरा-प्रतिकारक वाण काढला. कसबे डिग्रजच्या केंद्रातून राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने फुले अग्रणी, फुले संगम, फुले किमया असे वाण दिले. या वाणांची निवड मुख्यतः डोळ्यांनी, रोग आलेल्या शेतात उभे राहून झाली.

डोळ्यांनी निवड करण्यात तीन अडचणी आहेत. पहिली, रोग यायला हवा. एखाद्या वर्षी पाऊस दडी मारतो, तांबेरा येतच नाही, आणि सगळीच झाडे निरोगी दिसतात. ते वर्ष वाया जाते. दुसरी, गुण दिसेपर्यंत झाड वाढवावे लागते. हजार रोपांतली नऊशे टाकून द्यायची असली तरी ती सगळी तीन महिने जोपासावी लागतात. तिसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. प्रत्येक झाडात प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक बापाकडून. दोन्ही प्रती प्रतिकाराच्या असलेले झाड आणि एकच प्रत असलेले झाड शेतात बहुधा सारखेच दिसते. पण पहिल्याची संतती एकसारखी निघते आणि दुसऱ्याची फुटते. डोळ्यांना हा फरक कळत नाही. चिन्हकाची गरज इथे सुरू होते.

पाठभेदावरून कूळ ओळखणे

चिन्हकाची कल्पना मराठी वाचकाला परकी वाटायला नको, कारण जुन्या पोथ्यांच्या अभ्यासात ती आपण वापरत आलो आहोत. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, त्या वेळी त्यांच्यापुढे प्रश्न होता तो पाठभेदांचा. नकलकाराच्या हातून एखादे अक्षर बदलते. पुढे त्या पोथीवरून जितक्या नकला होतात, त्या सगळ्यांत तो बदल उतरतो. पुष्कळदा त्या बदलाने अर्थाला काहीच बाधा येत नाही. तरी दोन पोथ्यांत तोच बदल सापडला की त्या एका कुळातल्या, असे अभ्यासक सांगू शकतो. बदल क्षुल्लक असतो, पण तो कुठून आला हे सांगतो.

डीएनए हीसुद्धा चार अक्षरांत लिहिलेली अशीच एक पोथी आहे. ए, टी, जी आणि सी अशी त्या अक्षरांची नावे. सोयाबीनच्या पोथीत सुमारे ११० कोटी अक्षरे आहेत, ती २० गुणसूत्र-जोड्यांत विभागलेली आहेत आणि त्यांत सुमारे ४६,००० जनुके आहेत. हा सगळा मजकूर २०१० साली प्रसिद्ध झाला. जेएस ३३५ ची पोथी आणि ईसी २४१७८० ची पोथी शेजारी ठेवली तर बराचसा मजकूर सारखा निघेल. पण मधूनमधून पाठभेद सापडतील. एका ठिकाणी 'एटी' ही जोडी एका वाणात बारा वेळा आलेली असेल तर दुसऱ्यात अठरा वेळा. दुसऱ्या एखाद्या ठिकाणी फक्त एक अक्षर वेगळे असेल, 'दिन' आणि 'दीन' यांच्यासारखे. फरक इतकाच की आपल्या उदाहरणात अर्थ बदलतो, डीएनएत मात्र असे कितीतरी बदल निरर्थक असतात.

ज्याची जागा ठाऊक आहे आणि जो तपासून पाहता येतो, असा पाठभेद म्हणजे चिन्हक. इंग्रजीतला 'मार्कर' तो हाच. बोलीत त्याला 'खूण' म्हटले तरी चालेल. किंबहुना 'खूणगाठ' हा शब्द अधिक नेमका आहे. पदराला मारलेली गाठ म्हणजे काही लक्षात ठेवायची गोष्ट नव्हे. गाठ हाताला लागली की गोष्ट आठवते, एवढेच. चिन्हकही स्वतः प्रतिकार निर्माण करत नाही. प्रतिकाराचे जनुक त्याच्या शेजारी आहे, एवढे तो सांगतो.

खूण आणि जनुक यांतले अंतर

शेजारी असणे म्हणजे काय? एकाच गुणसूत्रावर जवळजवळ असलेल्या दोन गोष्टी पुढच्या पिढीत सहसा एकत्र जातात. पण पिढी बदलताना गुणसूत्रांच्या जोडीत तुकड्यांची अदलाबदल होते. खूण आणि जनुक यांच्यामध्येच तुकडा पडला तर दोघांची ताटातूट होते. शंभरांतल्या पाच झाडांत अशी ताटातूट होत असेल तर त्या खुणेवर विसंबून निवडलेल्या शंभर झाडांतली पाच चुकीची निघतील. म्हणून खूण जितकी जवळची तितकी भरवशाची. जनुकाच्या दोन्ही बाजूंना एकेक खूण धरली तर चूक आणखी कमी होते. दोन्ही बाजूंना पाच-पाच टक्के धरले, तर दोन्हीकडे एकाच वेळी ताटातूट होण्याचा संभव चारशेत एक इतका उरतो.

अशी खूण शोधायची कशी? प्रतिकारक आणि बळी पडणारा अशा दोन वाणांचा संकर करून शे-दीडशे झाडांची दुसरी पिढी वाढवतात. प्रत्येक झाडावर तांबेरा किती आला याची शेतात ० ते ९ अशा श्रेणीत नोंद होते. डागांचा प्रकारही पाहतात. तपकिरी-तांबडे, कमी बीजाणू देणारे डाग प्रतिकाराची साक्ष देतात, तर मातकट रंगाचे, भरपूर भुकटी सोडणारे डाग झाड हरल्याचे सांगतात. मग त्याच झाडांची पाने प्रयोगशाळेत तपासून शेकडो चिन्हकांपैकी कोणते चिन्हक प्रतिकारासोबत वारशाने गेले ते शोधतात. ईसी २४१७८० या वाणावर राहुरीच्या संशोधकांनी अशाच रीतीने काम केले आहे. जगभरात सोयाबीनमधील तांबेरा-प्रतिकाराची जनुके आरपीपी १, आरपीपी २ अशा क्रमाने नोंदली गेली. त्यांपैकी आरपीपी १ आणि आरपीपी ४ ही अठराव्या गुणसूत्रावर, आरपीपी २ सोळाव्यावर, आरपीपी ३ सहाव्यावर आणि आरपीपी ५ तिसऱ्यावर आहे.

इथे मघाचा मुद्दा पुन्हा येतो. खूण शोधण्यासाठी आधी रोगट शेतातली नोंद लागते. प्रयोगशाळेतले यंत्र कितीही महाग असले तरी तांबेरा कोणत्या झाडावर आला हे ते सांगू शकत नाही. ते उगार खुर्दचे शेत सांगते.

पानापासून तक्त्यापर्यंत

खूण एकदा सापडली की पुढचे काम सोपे होते. दोन आठवड्यांच्या रोपाच्या पानाची टिकलीएवढी चकती कापतात. रोपाला काही होत नाही, ते वाढत राहते. चकतीतून डीएनए वेगळा काढतात. त्यातला आपल्याला हवा तेवढाच तुकडा पीसीआर नावाच्या प्रक्रियेने वाढवतात. दर फेरीला तुकड्यांची संख्या दुप्पट होते, आणि तीस फेऱ्यांत एकाचे शंभर कोटींहून अधिक तुकडे होतात. मग त्या तुकड्याची लांबी किंवा त्यातले अक्षर वाचले जाते.

निष्कर्ष एका तक्त्यात भरतात. आडव्या ओळीत झाडे, उभ्या रकान्यात चिन्हके, आणि प्रत्येक चौकटीत ०, १ किंवा २. हव्या असलेल्या पाठाची एकही प्रत नसेल तर ०, एक असेल तर १, दोन्ही असतील तर २. चिन्हकांची माहिती म्हणजे हाच आकड्यांचा तक्ता. डोळ्यांना न कळणारा १ आणि २ यांच्यातला फरक इथे लख्ख कळतो. दुसऱ्या पिढीत चारांतले एक झाड २ असते. ते रोप ठेवायचे आणि बाकीची जूनमध्येच काढून टाकायची. सप्टेंबरपर्यंत थांबायला नको आणि तांबेऱ्याची वाटही पाहायला नको.

प्रतिकाराचे जनुक परदेशी वाणातून आले की त्याच्याबरोबर नको असलेले बरेच काही येते. दाणा बारीक असतो, झाड उशिरा तयार होते, शेंगा तडकतात. म्हणून संकरित झाडाचा पुन्हा मूळ चांगल्या वाणाशी संकर करतात. याला आपण 'परतसंकर' म्हणू. पहिल्या परतसंकरानंतर मूळ वाणाचा सरासरी ७५ टक्के वारसा परत येतो, दुसऱ्यानंतर ८७.५, तिसऱ्यानंतर ९३.७५ टक्के. पण ही झाली सरासरी. प्रत्येक झाड त्या सरासरीच्या थोडे पुढे किंवा मागे असते. बाकीच्या गुणसूत्रांवरचीही चिन्हके तपासली तर सर्वांत पुढे गेलेले झाड हुडकता येते, आणि पाच-सहा पिढ्यांचे काम दोन-तीन पिढ्यांत होते. बियाण्याच्या व्यवसायात दोन-तीन वर्षे वाचणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको.

एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. चिन्हकांच्या साहाय्याने काढलेला वाण म्हणजे बीटी कापसासारखा जनुक-रूपांतरित वाण नव्हे. बीटी कापसात जिवाणूचे जनुक प्रयोगशाळेत बसवले आहे. इथे दोन सोयाबीनचाच फुलाफुलांतून संकर झालेला असतो. चिन्हकाने फक्त निवड केली, घातले काहीच नाही.

प्रत्यक्षात काय साधले

आपल्या देशात या पद्धतीने शेतकऱ्यांपर्यंत पोचलेले पहिले ठळक उदाहरण बाजरीचे आहे. हरियाणातील एचएचबी ६७ हा लवकर येणारा संकरित वाण गोसावी रोगाला बळी पडू लागला. पाटणचेरूच्या इक्रिसॅट संस्थेने आणि हिसारच्या कृषी विद्यापीठाने चिन्हकांच्या आधारे त्याच्या मातापित्यांत प्रतिकार आणला, आणि २००५ मध्ये सुधारित एचएचबी ६७ प्रसारित झाला.

सोयाबीनमधले उदाहरण रोगाचे नाही, पण चिन्हकाची उपयुक्तता त्यात फार स्पष्ट दिसते. कच्च्या सोयाबीनमध्ये कुनिट्झ ट्रिप्सिन इनहिबिटर नावाचे प्रथिन असते. ते पचनात अडथळा आणते, म्हणून सोयाबीन उकळून किंवा भाजूनच खावे लागते. हे प्रथिन नसलेला वाण हवा असेल तर दोन्ही प्रती 'नसण्याच्या' लागतात, कारण तो गुण अप्रभावी आहे. एकच प्रत असलेल्या झाडात तो दिसतच नाही. जुन्या पद्धतीत प्रत्येक परतसंकरानंतर एक जादा पिढी घेऊन पाहावे लागे. चिन्हकाने ती पिढी वाचली. इंदूरच्या भारतीय सोयाबीन संशोधन संस्थेने एनआरसी १२७ हा असा वाण २०१८ मध्ये दिला, आणि पुढे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या सहभागातून दक्षिण विभागासाठी एमएसीएस-एनआरसी १६६७ हा वाण आला.

एक जनुक पुरत नाही

तांबेऱ्याच्या बाबतीत मात्र गोष्ट इतकी सरळ नाही, कारण समोरचा शत्रूही बदलत असतो. ब्राझीलमध्ये आरपीपी १ आणि आरपीपी ३ ही जनुके असलेले वाण सुरुवातीला टिकले, पण दोन-तीन हंगामांतच बुरशीचे दुसरे प्रकार पुढे आले आणि तो प्रतिकार निकामी झाला. बुरशीच्या सगळ्या प्रकारांना पुरून उरणारे एकही जनुक आजवर सापडलेले नाही. म्हणून दोन-तीन जनुके एकाच वाणात एकत्र आणण्याचा प्रयत्न होतो. घराला एकाऐवजी तीन कुलपे लावण्यासारखे हे आहे.

हे काम केवळ डोळ्यांनी जवळजवळ अशक्य आहे. एका कुलपाने आज चोर अडत असेल तर घराला एक कुलूप आहे की तीन, हे बाहेरून कळत नाही. एक जनुक असलेले आणि तीन असलेले झाड शेतात सारखेच हिरवे दिसते. तीनही जनुके शुद्ध रूपात असलेले झाड दुसऱ्या पिढीत ६४ मध्ये एक निघते. ते चिन्हकांच्या तक्त्याशिवाय ओळखायचे कसे?

पण तीन कुलपे लावली म्हणून दार उघडे टाकून चालत नाही. ब्राझीलच्या माटो ग्रोसो राज्यात २००६ पासून वर्षातला ठरावीक काळ शेतात सोयाबीनचे एकही हिरवे झाड ठेवायचे नाही, असा नियम आहे. बुरशीची साखळी तोडण्यासाठी तो केला गेला. कृष्णाकाठी हंगामाबाहेर सोयाबीन घेताना हे ध्यानात ठेवायला हवे. वाणातला प्रतिकार ही सर्वांची शिदोरी आहे, ती गावाने मिळून जपावी लागते.

व्यापारी पैदास आणि माहितीची मालकी

खासगी कंपन्या चिन्हकांचा उपयोग आणखी तीन कामांसाठी करतात. संकरित मका, बाजरी, कापूस यांच्या बियाण्यात भेसळ आहे का हे पूर्वी ते पेरून, झाडे वाढवून पाहावे लागे. आता ते पानाच्या चकतीवरून कळते. आपला वाण दुसऱ्याने उचलला का, हेही पाठभेदांच्या नोंदीवरून तपासता येते. तिसरे काम सर्वांत मोठे आहे. उत्पन्नासारखा गुण एका-दोन जनुकांवर नव्हे, शेकडो जनुकांवर अवलंबून असतो, प्रत्येकाचा वाटा चिमूटभर. थिओ म्युविसेन, बेन हेज आणि माइक गोडार्ड यांनी २००१ साली यासाठी एक मार्ग मांडला. काही शे झाडांची चिन्हके आणि शेतातील कामगिरी या दोन्ही नोंदी संगणकाला द्यायच्या. त्यावरून प्रत्येक चिन्हकाचे वजन काढायचे. मग न पेरलेल्या हजारो झाडांची कामगिरी केवळ चिन्हकांवरून अंदाजायची. हीच 'जिनोमिक निवड'.

अंदाज किती खरा ठरेल हे शेतातल्या नोंदी कुठल्या, यावर अवलंबून असते. ज्या शेतात तांबेरा आलाच नाही तिथल्या नोंदींवर बेतलेला हिशोब निपाणीच्या ऑगस्टमध्ये फसेल. चिन्हकांचा तक्ता दिवसेंदिवस स्वस्त होत चालला आहे. दुर्मिळ आहे ती उगार खुर्द, कसबे डिग्रज, धारवाड इथल्या रोगट शेतांत वर्षानुवर्षे उभे राहून केलेली नोंद. ती बहुतांशी सार्वजनिक पैशातून झाली आहे, आणि तिच्याशिवाय खासगी प्रयोगशाळेतले महागडे यंत्रही आंधळे आहे. म्हणून या नोंदी सार्वजनिक राहाव्यात आणि शेतकऱ्याला वाचता येतील अशा रूपात याव्यात, ही मागणी रास्त आहे.

सोयाबीनला याचे आणखी एक महत्त्व आहे. हे पीक स्वतःच्याच परागाने फळते, त्यामुळे घरचे बियाणे पुढच्या वर्षीही तसेच येते. दरवर्षी बियाणे विकण्याची सोय नसल्याने खासगी कंपन्यांना या पिकात संकरित मक्याइतका रस नसतो, आणि विद्यापीठांचे काम इथे मोलाचे ठरते. वनस्पती वाण आणि शेतकरी हक्क संरक्षण कायदा, २००१ च्या ३९ व्या कलमाने शेतकऱ्याला नोंदणीकृत वाणाचे बियाणेही राखून ठेवण्याचा, पेरण्याचा, देवाणघेवाण करण्याचा आणि विकण्याचाही हक्क दिला आहे. अट एवढीच की ते कंपनीच्या नाममुद्रेखाली विकता येत नाही. याच कलमात आणखी एक तरतूद आहे. नोंदणीकृत वाणाकडून कोणत्या परिस्थितीत किती अपेक्षा धरावी हे पैदासकाराने शेतकऱ्याला सांगायला हवे, आणि तशा परिस्थितीतही ती पुरी झाली नाही तर शेतकरी भरपाई मागू शकतो. पण 'सांगितले' असे केव्हा म्हणायचे? जे सांगितले ते ऐकणाऱ्याला कळले तरच.

शब्द कशासाठी हवेत

हा प्रश्न भाषेचा आहे तो इथे. सीमाभागातील शेतकरी धारवाडचा वाण पेरतो आणि राहुरीचाही. दोन्ही विद्यापीठे त्याचीच आहेत, बुरशीला तर सीमा माहीतच नाही. त्याला हवे आहे ते इतकेच की 'तांबेरा-प्रतिकारक' आणि 'मध्यम प्रतिकारक' यांत काय फरक, हे त्याला त्याच्या भाषेत कळावे. त्यासाठी शब्द जड असायला नकोत. 'रेण्वीय चिन्हक-सहाय्यित निवड' हा शब्दकोशातला प्रयोग बरोबर असला तरी 'खुणेवरून निवड' म्हटले की काम होते. वाण, पैदासकार, पायाभूत बियाणे, प्रमाणित बियाणे, सत्यप्रत बियाणे हे शब्द शेतकऱ्याने आधीच आपलेसे केले आहेत. चिन्हक, परतसंकर हेही रुळतील, फक्त ते वापरात यायला हवेत. आणि इथे कन्नड माहितीपत्रकाशेजारी मराठी मजकूर असला तर तो कोणाच्या विरोधात नसतो. तो शेजारच्या शेतातल्या तांबेऱ्याच्या विरोधात असतो.

आता बाजारातल्या त्या प्रश्नाकडे परत जाऊ. "तांबेऱ्याला टिकतंय काय हे?" यापुढे त्याच्या जोडीला आणखी तीन प्रश्न विचारता येतील. हा वाण तांबेरा येणाऱ्या शेतात किती वर्षे तपासला आणि कोणत्या गावी? त्यात प्रतिकाराचे एक जनुक आहे की अधिक? आणि याचे बियाणे मला घरी राखता येईल का? पिशवीवर 'मार्कर' किंवा 'डीएनए' हा शब्द असला म्हणून या प्रश्नांची उत्तरे आपोआप मिळत नाहीत. खूण झाड लवकर निवडायला मदत करते. ते झाड खरोखर टिकते की नाही हे मात्र अजूनही सप्टेंबरच्या ओल्या सकाळी, पानाच्या मागच्या बाजूवर बोट फिरवूनच कळते.